अभिस्तर ऊती : तक्ता पाठ करण्याआधी

स्लाइडवाला

सरल पट्टकी, स्तरित पट्टकी, घनाभरूप, स्तंभीय, रोमक, ग्रंथिल. घरात नववी ते बारावीतलं कोणी असेल तर अभिस्तर ऊतींच्या प्रकारांची ही माळ कानावर पडली असेलच. पोरं ती घडाघडा म्हणतात आणि "मूत्राशयाच्या आत यातली कोणती?" असं विचारलं की छताकडे बघतात. इथेच एका धाग्यावर कोणीतरी विचारलं होतं की हे प्रकार लक्षात ठेवायला काही युक्ती आहे का. युक्ती नाही. पण पाठ न करताही हे समजतं, म्हणून वेगळा धागा काढतोय.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये हिस्टोच्या, म्हणजे ऊतींचे काप तपासायच्या टेबलावर असतो. फॉर्मॅलिनच्या बरणीतून आलेला तुकडा, त्याचा मेणातला ब्लॉक, मायक्रोटोमवर (काप घ्यायचं यंत्र) चार मायक्रॉनचं, म्हणजे मिलिमीटरच्या चार हजारांशांचं सेक्शन, ते कोमट पाण्यावर पसरवून काचेवर उचलायचं आणि मग एच अँड ई रंग. रिपोर्ट डॉक्टर लिहितात. पण रंग नीट बसलाय की नाही हे बघायला प्रत्येक स्लाइड आधी आम्हीच मायक्रोस्कोपखाली घालतो. केंद्रकं जांभळट निळी, बाकी सगळं गुलाबी.

स्लाइड कुठलीही असो, आधी कड शोधायची. शरीराला जिथे जिथे कड आहे, म्हणजे बाहेरची कातडी, आतड्याची पोकळी, रक्तवाहिनीचा आतला भाग, फुप्फुसाभोवतीची जागा, तिथे अभिस्तर आहे. पेशी एकमेकींना इतक्या चिकटून की मध्ये जागाच नाही. त्यांच्या खाली एक पातळ पडदा, बेसमेंट मेम्ब्रेन. त्या पडद्याखाली सैलसर संयोजी ऊती आणि रक्तवाहिन्या. रक्तवाहिन्या पडद्याच्या वर येत नाहीत. लाल पेशी दिसल्या तर रेषेच्या खालीच दिसतात. वर दिसल्या तर काहीतरी फाटलंय किंवा बिघडलंय. वरच्या पेशींचं अन्न-पाणी खालून झिरपत येतं. मज्जातंतूंची टोकं मात्र वर घुसतात. म्हणून कागदाने बोट चिरलं की कधीकधी थेंबभर रक्त येत नाही, पण जीव कळवळतो.

आता प्रकार. दोनच प्रश्न विचारायचे: थर किती, आणि सगळ्यात वरच्या पेशीचा आकार कसा. "वरच्या" हा शब्द महत्त्वाचा. त्वचेच्या तळाच्या पेशी घनाकार किंवा उभट असतात, तरी नाव पट्टकी, कारण वर पोचेपर्यंत त्या चपट्या झालेल्या असतात.

थर किती हे त्या जागेचं काम ठरवतं. काही आरपार जायचं असेल तर एक थर. घासलं जायचं असेल तर अनेक. फुप्फुसातल्या वायुकोशाचं बघा. ऑक्सिजनने हवेतून रक्तात जायचं, म्हणून तिथे एकच थर आणि तोही चपट्या पेशींचा. त्याला लागून केशवाहिनीची भिंत, तीही एकाच चपट्या थराची. हवा आणि रक्त यांच्यात बऱ्याच ठिकाणी जेमतेम अर्धा मायक्रॉन अंतर असतं. आमचं सेक्शन चार मायक्रॉनचं, म्हणजे आम्ही जी "पातळ" चकती कापतो ती या पडद्यापेक्षा आठपट जाड!

नुसतं आरपार सोडायचं नसून निवडून उचलायचं असेल, तर पेशीला आत यंत्रसामग्री लागते, मग ती चपटी राहून भागत नाही. मूत्रपिंडाच्या नलिकांमध्ये घनाकार पेशी आहेत. रोज साधारण १८० लिटर द्रव गाळला जातो आणि लघवी होते दीड-दोन लिटर. बाकीचं सगळं या नलिकांच्या भिंती परत ओढून घेतात, त्यातलं दोन-तृतीयांश तर पहिल्याच वळणदार भागात. त्या भागातल्या पेशी गर्द गुलाबी दिसतात, कारण आत तंतुकणिका (ऊर्जा बनवणारे मायटोकॉन्ड्रिया) ठासून भरलेल्या असतात. जठरापासून मोठ्या आतड्यापर्यंत स्तंभीय पेशी: उंच, केंद्रकं तळाशी एका ओळीत, आणि आतड्यात मधूनमधून पांढुरक्या पोकळीसारख्या गॉब्लेट पेशी. त्या चिकट द्रव बनवतात. आतड्याचा चांगला कापलेला सेक्शन दिसायला फार देखणा असतो, हे माझं वैयक्तिक मत.

तोंड, अन्ननलिका, योनिमार्ग इथे सतत घर्षण, म्हणून अनेक थरांची पट्टकी. त्वचेवर घर्षण अधिक कोरडेपणा, म्हणून वरच्या पेशी मरून केराटिन या कडक प्रथिनाचा थर बनतो. तळव्याचा सेक्शन कापताना ब्लेड कुरकुरतं, इतका तो जाड असतो.

मूत्राशयाचं आणि श्वासनलिकेचं मुद्दाम ठेवलंय. प्रश्न आले की लिहितो.

अकरावीची_आई

दादा, फार उपयोगी. लेकीला वाचून दाखवलं, तिचा पहिला प्रश्न: "स्यूडोस्ट्रॅटिफाइड म्हणजे खोटं स्तरित, तर मग ते एक थराचं की अनेक?" पुस्तकातल्या चित्रात तर केंद्रकं दोन-तीन ओळींत दिसतात.

स्लाइडवाला

एकच थर, ताई. प्रत्येक पेशीचा पाय बेसमेंट मेम्ब्रेनवर टेकलेला असतो, पण सगळ्या पेशी वरपर्यंत पोचत नाहीत. उंची कमी-जास्त, त्यामुळे केंद्रकंही वर-खाली. श्वासनलिका आणि मोठ्या श्वासवाहिन्यांमध्ये ही असते. वरपर्यंत पोचणाऱ्या पेशींवर रोम, म्हणजे केसांसारखे सूक्ष्म तंतू असतात आणि ते सेकंदाला दहा-वीस वेळा हलतात, सगळे घशाच्या दिशेने. गॉब्लेट पेशींच्या चिकट द्रवात धूळ-जंतू अडकतात आणि रोम तो थर वर ढकलत नेतात. आपण दिवसभर नकळत गिळत राहतो तो हाच.

चहाबाज

जेवताना वाचत होतो हो.

बरं, सिगारेट ओढणाऱ्यांचं काय होतं ते सांगा. माझ्या मित्रासाठी विचारतोय. (मित्र म्हणजे मीच, इथे सगळ्यांना माहीत आहे.)

स्लाइडवाला

धुराने आधी रोम मंदावतात, मग झडतात. वर्षानुवर्षं धूर आला की तिथली ऊती प्रकारच बदलते: रोमक स्तंभीय जाऊन स्तरित पट्टकी येते. त्याला मेटाप्लासिया म्हणतात. त्या जागेच्या दृष्टीने हिशेब बरोबर आहे, मार खायचा तर अनेक थर बरे. पण पट्टकीला ना रोम, ना द्रव वर ढकलायची सोय. तो खालीच साचतो आणि मग खोकून काढण्याशिवाय मार्ग नाही. सकाळचा जो खोकला "मित्राला" येतो तो यातूनच. सिगारेट सुटली तर बदल बऱ्याच अंशी उलटतो. मात्र त्या बदललेल्या पेशींत पुढची गडबड सुरू झाली असेल तर तो कर्करोगाचा रस्ता.

असाच बदल उलट्या दिशेनेही होतो. जठरातलं आम्ल वर्षानुवर्षं अन्ननलिकेत वर येत राहिलं की खालच्या टोकाची पट्टकी जाऊन तिथे आतड्यासारखी, गॉब्लेट पेशी असलेली स्तंभीय येते. बॅरेट्स इसोफेगस. एंडोस्कोपीत फिकट गुलाबीच्या जागी सॅल्मन माशाच्या मांसासारखा लालसर पट्टा दिसतो, तिथला तुकडा आमच्याकडे येतो.

खडू_फळा

निवृत्त जीवशास्त्र शिक्षक. लेख आवडला, पण दोन गोष्टी राहिल्या असं वाटतं.

एक, ग्रंथी. परीक्षेत हमखास येतात आणि मुलं त्यांना वेगळंच काही समजतात. ग्रंथी म्हणजे अभिस्तरच, खाली बुडी मारलेला. गर्भात अभिस्तराच्या पेशी खालच्या ऊतीत शिरतात. वरचा जोड नळीच्या रूपात राहिला तर बहिःस्रावी: घाम, लाळ, स्वादुपिंडाचा पाचकरस. जोड तुटला तर अंतःस्रावी. मग स्राव थेट रक्तात जातो. थायरॉइड असा जिभेच्या मुळापासून खाली सरकत मानेत येतो आणि वाटेत जोड हरवतो. कधीकधी तो मार्ग पूर्ण बुजत नाही आणि मुलांच्या मानेत मधोमध गाठ येते, जीभ बाहेर काढली की वर सरकणारी.

स्राव सोडायच्या तऱ्हाही तीन. लाळेसारखा नुसता बाहेर टाकणं. दुधातल्या स्निग्धासारखं पेशीचा वरचा तुकडा बरोबर घेऊन बाहेर पडणं. आणि त्वचेतल्या तैलग्रंथीसारखं अख्खी पेशीच फुटून स्राव होणं.

दोन, "मेटाप्लासिया म्हणजे सिगारेट" एवढंच मुलांच्या डोक्यात राहू नये. अ जीवनसत्त्व कमी पडलं तरी हेच होतं. डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या गॉब्लेट पेशी नाहीशा होतात, वरचा थर केराटिनचा बनतो आणि फेसासारखा पांढुरका डाग दिसतो, तो बिटॉट स्पॉट. अंगणवाडीत ९ महिन्यांपासून ५ वर्षांपर्यंत अ जीवनसत्त्वाचे जे नऊ डोस चमच्याने पाजतात, ते यासाठी. आम्ही खेड्यातल्या शाळेत असताना असे डाग असलेली मुलं वर्गात असायची. संध्याकाळी अंधार पडायला लागला की ती धडपडायची.

नवशिका_नीट

सर, रक्तवाहिनीचं एन्डोथेलियम, म्हणजे आतलं अस्तर, अभिस्तरात धरायचं का? क्लासमध्ये एक सर हो म्हणतात, दुसरे नाही.

खडू_फळा

परीक्षेत हो लिही: सरल पट्टकी. रचना तशीच आहे. वाद उगमावरून, म्हणजे गर्भाच्या तीन मूळ थरांपैकी कशापासून बनलं यावरून आहे. त्वचेचा अभिस्तर बाह्यस्तरापासून, आतड्याचा अंतःस्तरापासून, आणि रक्तवाहिन्या व उदरपोकळीचं अस्तर मध्यस्तरापासून. मूत्रपिंडाच्या नलिकाही मध्यस्तरापासूनच येतात आणि त्यांना अभिस्तर म्हणायला कोणी कुरकुरत नाही. तेव्हा उगमावरून जात ठरवू नकोस. डॉक्टर मात्र एक भेद पाळतात: अभिस्तराचा कर्करोग तो कार्सिनोमा, आणि रक्तवाहिनीच्या अस्तराचा सार्कोमात मोडतो.

सोलापुरी_चादर

आतड्याबद्दल एवढंच? आतड्याचं अस्तर पसरलं तर अख्खं टेनिस कोर्ट झाकलं जातं हे लिहायला हवं होतं. केवढी कमाल आहे निसर्गाची!

गणिती

टेनिस कोर्ट आता जुनं झालं. २०१४ मध्ये स्वीडनमधल्या हेलॅन्डर आणि फॅन्ड्रिक्स या दोघांनी नव्याने मोजमाप केलं आणि संपूर्ण पचनमार्गाचं क्षेत्रफळ सरासरी ३२ चौरस मीटर निघालं, त्यात मोठं आतडं जेमतेम २. म्हणजे बॅडमिंटनचं कोर्ट, तेही अर्धं. टेनिस कोर्ट २६० चौरस मीटरचं असतं. बहुतेक पाठ्यपुस्तकं अजून जुनाच आकडा छापतात.

सोलापुरी_चादर

अर्धं बॅडमिंटन कोर्टसुद्धा पोटात मावतं म्हणजे कमालच की. माझं म्हणणं कायम.

जुलाबतज्ज्ञ

आयडीवर हसू नका, बालरोग विभागात उमेदवारी केलेल्या माणसाला हेच नाव मिळतं.

आतड्याच्या अभिस्तराचं सगळ्यात मोठं काम क्षेत्रफळात नाही, त्याच्या पेशीच्या वरच्या टोकाला बसलेल्या एका प्रथिनात आहे. या पेशीला वर आणि खाली अशा वेगळ्या बाजू आहेत. वरच्या बाजूला सूक्ष्म केसांसारखे मायक्रोव्हिलाय आणि त्यांवर एसजीएलटी१ नावाचा वाहक. तो ग्लुकोजचा एक रेणू आत घेतो तेव्हा सोडियमचे दोन आयन बरोबर घेतो. एकाशिवाय दुसरा जात नाही. खालच्या बाजूला सोडियम पेशीबाहेर फेकणारा पंप. सोडियम गेलं की पाणी मागोमाग जातं. १९६० मध्ये रॉबर्ट क्रेन यांनी प्रागच्या एका परिषदेत ही जोडी मांडली.

आता कॉलरा. त्याचं विष आतड्याच्या पेशींना क्लोराइड बाहेर ओतायला लावतं. विष असतं हे १९५९ मध्ये कोलकात्यात शंभुनाथ डे यांनी सशाच्या आतड्यावर दाखवलं. क्लोराइडमागे सोडियम, सोडियममागे पाणी. एका दिवसात अनेक लिटर. पेशी मरत नाही, अस्तर शाबूत राहतं, फक्त नळ उघडा पडतो. आणि एसजीएलटी१ तसाच चालू असतो! नुसतं पाणी पाजलं तर बाहेर जातं, नुसतं मीठ पाजलं तरी तेच. मीठ आणि साखर मिळून पाजलं की हा वाहक दोन्ही आत ओढतो आणि पाणीही येतं.

१९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत, पश्चिम बंगालमधल्या बनगावला, डॉ. दिलीप महालनबिस यांच्याकडचं शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं. रुग्ण जमिनीवर, विष्ठेत आणि उलटीत पडलेले. त्यांनी ग्लुकोज, मीठ आणि खायचा सोडा पाण्यात मिसळून पिंपांतून नातेवाइकांकरवी पाजायला सुरुवात केली. तीसच्या घरात असलेला मृत्यूदर चार टक्क्यांच्याही खाली आला. त्यांना पद्मविभूषण मिळालं २०२३ मध्ये, मरणोत्तर. एवढा उशीर का लागला हा वेगळ्या धाग्याचा विषय.

घरी करायचं तर १ लिटर उकळून गार केलेलं पाणी, ६ सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. साखर जास्त घातली तर जुलाब वाढतात, म्हणून कोल्ड्रिंक पाजू नये. "बाळाला गोड आवडतं" हे ऐकून ऐकून कान किटलेत.

मधली_आळी

हे वाचून विचारते. फेसबुकवर सारखी जाहिरात येते, "तुमचं आतडं गळतंय का?" थकवा, केस गळणं, सांधेदुखी, सगळ्याचं मूळ म्हणे आतड्याच्या पेशींमधल्या फटी. साडेतीन हजारांची पावडर आहे. जाऊबाईंनी मागवलीही.

जुलाबतज्ज्ञ

जाहिरातीत अर्धं खरं असतं म्हणून ती खपते. शेजारच्या पेशींच्या वरच्या कडा टाइट जंक्शनने शिवलेल्या असतात. काय पेशीतून जाणार आणि काय दोन पेशींच्या मधून, हे तीच ठरवतात. सीलिअॅक आणि क्रोन्स या आतड्याच्या आजारांत ही शिवण सैल होते हे मोजून सिद्ध झालेलं आहे. पण तिथे तपासून सापडणारा आजार असतो, सैलपणा त्याच्या जोडीने दिसतो. केस गळणाऱ्या माणसाच्या आतड्याला फटी आहेत हे पावडरवाल्याने कशावरून ठरवलं ते त्याला विचारा. जाऊबाईंचं हिमोग्लोबिन आणि थायरॉइड आधी तपासून घ्या. साडेतीन हजारांत होऊन पैसे उरतील.

आणि अस्तर स्वतःला तीन ते पाच दिवसांत बदलून घेतं. खाचांच्या तळाशी नवी पेशी जन्मते, वर सरकत टोकाला पोचते आणि गळून पडते. केमोथेरपीत तोंड येणं आणि जुलाब होणं यामुळेच: औषध भराभर विभागणाऱ्या पेशींना मारतं, मग कर्करोग असो की आतड्याचा तळ.

ओपीडी_ताई

मी नर्स आहे, गर्भाशयमुखाच्या तपासणीच्या शिबिरांना जाते. स्लाइडवाल्या दादांच्या "कड शोधायची" या वाक्यावर लिहावंसं वाटलं, कारण आम्हीही तेच करतो.

गर्भाशयमुखाच्या बाहेरच्या बाजूला स्तरित पट्टकी असते, गुळगुळीत, फिकट गुलाबी. आतल्या नळीत स्तंभीय, एकाच थराची, म्हणून खालच्या रक्तवाहिन्या दिसतात आणि ती लालभडक दिसते. दोन्ही जिथे भेटतात ती रेषा वयाप्रमाणे सरकत राहते. वयात येताना आणि गरोदरपणात स्तंभीय भाग बाहेर येतो, योनीतल्या आम्लतेने हळूहळू त्याची पट्टकी बनते. या बदलत्या पट्ट्यातच एचपीव्ही विषाणू घर करतो आणि बहुतेक कर्करोग तिथेच सुरू होतात.

तपासणी अशी: स्पेक्युलम (योनिमार्ग उघडा धरायचं साधन) लावून, कापसाच्या बोळ्याने ५ टक्के अॅसेटिक अॅसिड लावायचं आणि एक मिनिट थांबायचं. हे मिनिट फार लांब वाटतं. बाई घाबरलेली असते, तिच्याशी पोराबाळांच्या गप्पा मारत राहायचं. बिघडलेल्या पेशींत केंद्रकं मोठी, प्रथिनं जास्त, त्यामुळे तो भाग पांढरा होतो. त्या रेषेला चिकटून दाट, ठळक कडेचा पांढरा डाग दिसला तर पॉझिटिव्ह. फिकट, विरळ पांढरेपणा सूज असली तरी येतो, त्याला भुलायचं नाही. शिकताना इथेच सगळ्यांची गफलत होते. पांढरा डाग म्हणजे कर्करोग नव्हे, पुढच्या तपासाची गरज, हे प्रत्येकीला दोनदा सांगावं लागतं. नाहीतर घरी जाऊन रडारड.

यावरचं जगभर गाजलेलं काम आपल्याकडचं आहे. बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाच्या मदतीने तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांचा अभ्यास झाला, २००९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. एकदाच एचपीव्ही चाचणी केलेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू सुमारे निम्म्यावर आले. अॅसेटिक अॅसिडच्या गटात त्या अभ्यासात तेवढा फरक दिसला नाही. पण मुंबईत टाटा मेमोरियलच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री यांच्या गटाने वस्त्यांमधल्या सुमारे दीड लाख बायकांवर काम केलं, त्यात प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक कार्यकर्त्यांनी दर दोन वर्षांनी हीच तपासणी केली, आणि मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. एकदा तपासून सोडण्यात आणि पुन्हा पुन्हा जाण्यात हा फरक आहे, असं मला वाटतं.

अकरावीची_आई

ताई, हे लेकीने नाही, मीच दोनदा वाचलं. पुढच्या महिन्यात जाऊन येते.

खारेपाटणकर

आमच्या वडिलांना तोंडात फोड यायचे, मग अंगावर. सगळे "उष्णता" म्हणत होते. गुलकंद, सब्जा, सगळं झालं. शेवटी त्वचारोगवाल्यांनी पेम्फिगस सांगितलं. तुकडा काढला तो दोन बाटल्यांत पाठवला आणि दुसऱ्या बाटलीत फॉर्मॅलिन घालायचं नाही असं बजावलं. ते का?

स्लाइडवाला

अभिस्तराच्या पेशींना बाजूबाजूने जोडणारी बटणं असतात, डेस्मोसोम. पेम्फिगसमध्ये शरीर त्या बटणांतल्या डेस्मोग्लीन या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडं (अँटिबॉडी) बनवतं आणि पेशी एकमेकींपासून सुटतात. एच अँड ई स्लाइडवर तळाची ओळ बेसमेंट मेम्ब्रेनला धरून उभी दिसते आणि तिच्या वरच्या पोकळीत सुट्या, गोल झालेल्या पेशी तरंगताना दिसतात. वरचं छप्पर पातळ, म्हणून फोड ढिला असतो आणि हात लागताच फुटतो. याचा भाऊबंद पेम्फिगॉइड. त्यात पेशींचा बेसमेंट मेम्ब्रेनशी असलेला जोड सुटतो, अख्खी जाडी वर उचलली जाते, म्हणून फोड टणक.

दुसरी बाटली इम्युनोफ्लुरोसन्ससाठी. त्यात पेशींच्या सीमांवर बसलेली प्रतिपिंडं चमकवून बघतात, पेम्फिगसमध्ये हिरवी जाळी दिसते. फॉर्मॅलिनने ती प्रतिपिंडं ओळखण्यापलीकडे जातात, मग तपास वाया. वडील आता कसे आहेत?

खारेपाटणकर

स्टेरॉइड आणि दुसऱ्या औषधांवर बरे आहेत. आंब्याच्या दिवसांत पथ्य पाळत नाहीत, पण त्याला पेम्फिगस जबाबदार नाही.

चहाबाज

मूत्राशयाचं राहिलं. लांबच्या एस.टी. प्रवासाच्या आधी कळलं तर बरं.

स्लाइडवाला

ट्रान्झिशनल, किंवा युरोथेलियम. रिकामं असताना पाच-सहा थर आणि वरच्या पेशी फुगीर, घुमटाकार. भरल्यावर दोन-तीन थर दिसतात आणि त्याच पेशी चपट्या. चारशे-पाचशे मिलिलिटर मावतं ते यामुळे. दुसरं काम म्हणजे लघवी परत रक्तात झिरपू न देणं, त्यासाठी वरच्या पेशींच्या आवरणावर युरोप्लाकिन प्रथिनांच्या कडक चकत्या असतात. पेशी आखडली की या चकत्या आत घेते, ताणली की पुन्हा बाहेर काढते. तरी एस.टी.त बसण्याआधी जाऊन या.

पानवाला_नव्हे

डोळ्यावर कोणी लिहिलं नाही. आमच्या गल्लीत एका पोराने तंबाखूच्या चुन्याची पुडी दाबली, फुटली ती डोळ्यात. महिनाभराने डोळा पांढरा, लाल शिरा चढलेल्या. डॉक्टर म्हणाले "बुबुळाच्या कडेच्या पेशी गेल्या."

ओपीडी_ताई

आधी प्रथमोपचार, कारण इथे वाचणाऱ्यांच्या घरी चुना असतो: डोळा उघडा धरून नळाच्या साध्या पाण्याने लगेच धुवा, निदान पंधरा मिनिटं, मग दवाखाना. चुन्याचे कण पापणीखाली अडकतात, पापणी उलटून तेही काढावे लागतात. तूप, दूध, काही घालू नका.

कॉर्नियावर, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक भागावर, स्तरित पट्टकी असते, पण केराटिन नसलेली आणि पारदर्शक. ती बुबुळाच्या कडेला लिंबस नावाच्या पट्ट्यातल्या मूळपेशी आयुष्यभर नव्याने पुरवत असतात. चुना अल्कली, खोल जातो, लिंबस जाळतो. पुरवठा बंद झाला की बाजूचा पांढऱ्या भागावरचा अभिस्तर रक्तवाहिन्यांसकट कॉर्नियावर चढतो. अशा वेळी कॉर्निया बदलूनही टिकत नाही. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत डॉ. वीरेंद्र सांगवान यांनी २०१२ मध्ये स्लेट नावाची पद्धत मांडली: चांगल्या डोळ्याच्या लिंबसचा दोन मिलिमीटरचा तुकडा घ्यायचा, त्याचे बारीक कण करायचे आणि वारेच्या पडद्यावर ठेवून खराब डोळ्यावर चिकटवायचे. प्रयोगशाळेत पेशी वाढवायचा खर्च वाचतो. एक डोळा चांगला असेल तर त्या मुलासाठी विचारून बघा.

सोलापुरी_चादर

शेवटचा प्रश्न. त्वचादानाचा फॉर्म भरायचा विचार आहे. घरचे म्हणतात, "सगळं सोलून काढतात." आणि दुसऱ्याची कातडी तर शरीर नाकारतं ना, मग उपयोग काय?

ओपीडी_ताई

सोलून नाही. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत टीम येते आणि मांड्या, पाय, पाठ यांवरून डर्मॅटोमने (कातडीचा पातळ काप घेणारं यंत्र) फक्त वरचा पातळ थर घेते. रक्तस्राव होत नाही, नंतर बँडेज बांधून देतात. रक्तगट जुळवावा लागत नाही. एचआयव्ही, कावीळ बी-सी, त्वचेचा कर्करोग किंवा जंतुसंसर्ग असेल तर घेत नाहीत. ग्लिसरॉलमध्ये ठेवलेली त्वचा कित्येक वर्षं टिकते. मुंबईत शीव रुग्णालयात आणि नवी मुंबईत ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्ये स्किन बँक आहे.

शरीर ती नाकारतं, बरोबर आहे, पण त्याला दोन-तीन आठवडे लागतात. तेवढा वेळ जखम झाकलेली राहते. मोठ्या भाजण्यात माणूस जातो तो पाणी निसटून आणि जंतू शिरून, म्हणजे नेमकं अभिस्तराचं काम बंद पडून. तोवर रुग्णाच्या स्वतःच्या त्वचेचे पट्टे टप्प्याटप्प्याने लावता येतात.

नवशिका_नीट

पण स्वतःच्या मांडीवरून पट्टा काढला तर तिथे नवी जखम नाही का होत? ती कशी भरते?

स्लाइडवाला

चांगला प्रश्न, आणि हे स्लाइडवर स्पष्ट दिसतं. पट्टा घेताना वरचा अभिस्तर जातो, पण केसांची मुळं आणि घामाच्या ग्रंथी खाली डर्मिसमध्ये (अभिस्तराखालचा त्वचेचा थर) राहतात. खडू_फळा सरांनी सांगितलं तसं, त्या म्हणजे खाली बुडी मारलेला अभिस्तरच. प्रत्येक मुळातून पेशी वर येऊन चहूबाजूंनी पसरतात आणि एकमेकींना भेटल्या की थांबतात. दहा ते चौदा दिवसांत मांडी झाकली जाते आणि काही आठवड्यांनी तिथूनच पुन्हा पट्टा घेता येतो. पूर्ण जाडी जळली असेल तर मुळंही गेलेली असतात, मग पेशी फक्त जखमेच्या कडांवरून आत सरकू शकतात. मोठ्या जागेला ते पुरत नाही, म्हणून तिथे ग्राफ्ट, म्हणजे दुसरीकडून घेतलेल्या त्वचेचा पट्टा.